दोषाचा रकाना

धुळे-साक्री-पिंपळनेर गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे.

*

उडदाच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवलं की वर्षभर कीड लागत नाही. गव्हाला कडुनिंबाचा पाला. लोकरीच्या कपड्यांना डांबरगोळी.

*

क्र. ८८. बाजू अ. भावगीत, पुरुष आवाज. दोष : कुकरची शिटी, दोन वेळा.

*

रेडिओवर टाकलेला धुवट पांढरा पंचा.

*

कॅसेटमधली फीत वाजताना सेकंदाला पावणेदोन इंचांहून जराशी जास्त सरकते.

*

१९९२चा मे. पत्र्याच्या पेटीला दुपारी हात लागला तर चटका बसून हात आपोआप मागं यायचा.

*

तर हा कौतिक. धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक. दिवसभर काचेच्या खोलीत बसून माईकवर गाड्यांची नावं पुकारायची, ड्रायव्हरांच्या कागदांवर वेळ टाकायची. सव्वाआठची गाडी आठ चौदाला त्यानं उभ्या आयुष्यात सोडली नाही. कंडक्टर बन्सीलाल म्हणायचा, "कौतिकराव, तुम्ही वर गेलात तरी यमाला फलाटावर उभं कराल, वेळ व्हायचीय म्हणून." कौतिक हसायचा नाही. घड्याळाकडं बघून म्हणायचा, "अजून दोन मिनिटं आहेत."

घरी आला की मात्र त्याला दुसऱ्यांचे आवाज लागत. नव्वद तबकड्या होत्या, तीनशे बारा कॅसेटी होत्या. विकत घेतलेल्या थोड्या, बाकीच्या रेडिओवरून स्वतः उतरवलेल्या. नाट्यगीतं, भावगीतं, गझला, कव्वाल्या, दुपारच्या कार्यक्रमात एकदाच येऊन गेलेले कोण कुठले गायक. सगळ्याला क्रमांक. क्रमांकाला वही. चार वह्या झाल्या होत्या आणि प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले पाच रकाने : क्रमांक, बाजू, गाणं, दोष, दुरुस्त.

दोषाचा रकाना लागे, कारण टेपरेकॉर्डर रेडिओला जोडायची सोय सुरुवातीला नव्हती. स्टुलावर रेडिओ, समोर उशीवर माईक, आणि खोलीत चिडीचूप. पंखा बंद. खिडकी बंद. एप्रिल-मेमध्ये कौतिक घामानं निथळत, गुडघ्यावर हात ठेवून, लाल बटणाकडं बघत बसे. तरी काही ना काही आत शिरायचंच. कुकर. चिमण्या. गल्लीतला भंगारवाला. आणि सगळ्यांत जास्त मंजुळाबाई.

मंजुळाबाई त्याची बायको. पोरबाळ नव्हतं. घरात दोघंच, त्यामुळं बोलायचं तर त्याच्याशीच. तिच्या लक्षात राहायचं नाही, किंवा राहायचं आणि तरी ती यायची. दार किरकिरायचं, दोन शब्द व्हायचे, कौतिक हात हलवून हाकलायचा, आणि गाणं संपलं की वहीत लिहायचा : म. बोलली.

"तुमना रेडिओ बाळंत शे का?" ती म्हणायची. "इतला जपतस त्याले."

"तू पाच मिनिटं गप राहिलीस तर काय बिघडतं?"

"माले काय म्हाईत पाच मिनिट कव्हय व्हतस. घड्याळ तुमनं."

*

क्र. ३१. बाजू ब. गझल. दोष : म. बोलली (२ सेकंद).
क्र. ५४. बाजू अ. नाट्यगीत, स्त्री आवाज. दोष : दार, बांगड्या, म. बोलली.
क्र. ७०. बाजू अ. कव्वाली. दोष : म. हसली.

*

१९८७ साली मुख्तारनं रेडिओला जोडायची तार करून दिली. मुख्तारचं पाच कंदील चौकाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, दुकान म्हणजे दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. त्यानं रेडिओच्या पोटातून एक वायर काढली, तिला पिन लावली आणि ती टेपरेकॉर्डरमध्ये खुपसून म्हणाला, "घ्या भाऊ. आता घरात बँड वाजवा. आत फक्त गाणं जाणार."

आणि खरंच तसं झालं. कौतिकचा जीव हरखला. त्यानं वह्या काढल्या, दोषाच्या रकान्यावर बोट ठेवून खाली येत गेला आणि ठरवलं की एकेक गाणं पुन्हा रेडिओवर लागेल तेव्हा जुनं पुसून त्याच जागी बरोबर बसवून उतरवायचं. तांदळातले खडे वेचावेत तसं तीन वर्षं ते काम चाललं. फर्माईशीची पोस्टकार्डं टाकली. सुट्ट्या टाकल्या. एकेक दोष गेला की शेवटच्या रकान्यात हिरव्या शाईनं खूण.

एकदा त्यानं मंजुळाबाईला बोलावून एक दुरुस्त केलेलं गाणं ऐकवलं. ती दारात पिठाचे हात वर धरून उभी राहिली, पूर्ण ऐकलं.

"कसं वाटतं? स्वच्छ ना?"

"ब्येस. कुकरबी गया नि मीबी गयी," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

*

१९९१च्या भाद्रपदात ती तापानं गेली. चार दिवसांचा ताप.

पिंपळनेरहून वच्छलाबाई आली, ती वर्षभर राहिली. कौतिकची थोरली बहीण, विधवा, कडक. तिनं आल्या आल्या रेडिओवर धुतलेला पंचा टाकला. तेराव्याला पाहुणे गेल्यावर कौतिकला समोर बसवून सांगितलं, "वरीस व्हस तवलोंग या घरमा गाणं वाजाडू नको. कानबाई बी बसाव नही, पुरणबी शिजाव नही. वरीस म्हणजे वरीस."

"हो, अक्का."

कुणी गेलं की घरात वर्षभर गाणं-बजावणं नाही, कानबाईसारखे सण नाहीत, हे काही नवीन नव्हतं. वडील गेले तेव्हाही पाळलं होतं. कौतिकनं दोन दिवस बसून सगळं आवरलं. तबकड्या कपाटात. कॅसेटी मऊ कापडानं पुसून, क्रमांकानं लावून, मंजुळाबाईच्या लग्नातल्या दोन पत्र्याच्या पेट्यांत. वर्षभर हात लागणार नाही, तेव्हा कीड, झुरळ, कसर काही नको, म्हणून प्रत्येक थरावर मूठमूठ डांबरगोळ्या. झाकण बसवलं, कडी घातली, वर सतरंजी टाकली. आपण काम चोख केलं असं त्याला वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला असं काही वाटलं.

संक्रांतीच्या सुमारास त्यानं वह्या वाचायला काढल्या. ऐकता येत नाही तर निदान वाचू, म्हणून. रात्रपाळी नसेल तेव्हा संध्याकाळी चहा घेऊन बसायचं आणि क्रमांक एकपासून पुढं. नाव वाचलं की गाणं डोक्यात वाजायचं. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की आपण गाण्यांची नावं वाचतच नाही आहोत. आपण दोषाचा रकाना वाचतो आहोत.

म. बोलली. म. बोलली. म. हसली. म. आली, न बोलता गेली.

त्यानं सगळे मोजले. एकेचाळीस. मग प्रत्येकासमोरची हिरवी खूण पाहिली. ती खूण त्यानंच केली होती, पट्टीच्या कडेनं, एका मापाची. चाळीस खुणा होत्या. एकाच ओळीसमोर जागा मोकळी होती.

क्र. १२७. बाजू ब. तिसरं गाणं, भावगीत, गायिका अपरिचित. दोष : दुसऱ्या कडव्यात म. बोलली (४ सेकंद).

त्या गायिकेचं ते गाणं पुन्हा कधी रेडिओवर लागलंच नव्हतं. कौतिकनं त्यासाठी सहा पोस्टकार्डं टाकली होती. सहाव्यालाही काही झालं नाही तेव्हा चिडून त्या ओळीखाली रेघ मारली होती.

तो उठला आणि पेटीवरची सतरंजी उचलली. तोवर वच्छलाबाई दारात.

"काय करी राह्यना?"

"अक्का, एका कॅसेटमा मंजुळाना आवाज शे."

"गाणं बी शे का त्यामा?"

"शे. मांगे गाणं, वर आवाज."

वच्छलाबाई आत आली. तिचंही भावजयीवर प्रेम होतं. "मंग गाणंच व्हयनं ना ते," ती म्हणाली. "काय बोलनी ती?"

"तेच आठवत नही. चार सेकंद शे."

"चार सेकंदमा बाई काय बोलस? 'जेवाले चाला' म्हणस. आखो काय?"

कौतिकनं सतरंजी परत टाकली.

मुख्तारला कळलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, माझ्या दुकानात आणा. तुमच्या घरात कुठं वाजतंय ते? सुतक काय दुकानाला असतं?"

"सुतक तेरा दिवसांचं. हे वरीस आहे."

"आमच्यात तीन दिवस. मग माणूस कामाला लागतो."

"आठच महिने राहिले."

"तुम्ही अन् तुमचं टाइमटेबल," मुख्तार म्हणाला. पण त्यानं आग्रह केला नाही.

खरं सांगायचं तर कौतिकला त्या आठ महिन्यांचं ओझं वाटत नव्हतं. पुढं काहीतरी ठरल्या वेळेला येणार आहे, ही जाणीव त्याला आयुष्यभर सवयीची होती. स्टँडवर पुकारा करता करता तो मनात चार सेकंद मोजायचा. एक, दोन, तीन, चार. एवढ्यात काय काय मावतं? "दूध उतू गयं." मावतं. "भाईर कोनी बलाई राह्यनं." मावतं. "तुमना डबा कोठे शे?" मावून अर्धा सेकंद उरतो. एकदा माईक चालू असताना तो मोजत राहिला आणि चाळीसगावची गाडी पुकारायची राहून गेली. बन्सीलाल काचेवर टकटक करून म्हणाला, "कौतिकराव, चाळीसगावकर म्हातारे व्हायला लागले." लोक हसले. कौतिकनं गाडी पुकारली.

मग उन्हाळा आला. त्या मेमध्ये धुळ्याचा पारा खाली येईचना. खोलीला पत्रे. पत्र्याखाली पेट्या. पेट्यांत डांबरगोळ्या विरत गेल्या.

वर्षश्राद्ध झालं. ब्राह्मण जेवून गेला. वच्छलाबाईनं स्वतःच्या हातानं रेडिओवरचा पंचा काढला, झटकला, घडी केली आणि म्हणाली, "आते लाव."

कौतिकनं पेटी उघडली. वासानं डोळ्यांत पाणी आलं. गोळी एकही शिल्लक नव्हती. कॅसेटींच्या डब्या एकमेकींना चिकटल्या होत्या, वरची काढायला गेलं की चार मिळून वर येत. प्लास्टिक मऊ पडून वाकलेलं, काही ठिकाणी चिकट, बोटाला तार सुटेल असं. त्यानं सुरीनं डब्या सोडवल्या. एकशे सत्तावीस तिसऱ्या थरात होती. तिची डबी आतल्या कॅसेटीसकट एकजीव झाली होती.

ती रुमालात गुंडाळून तो पाच कंदिलावर गेला.

मुख्तारनं हुंगली. "डांबरगोळी ठेवली?"

"कीड लागू नये म्हणून."

"अरे भाऊ." मुख्तारनं कॅसेट टेबलावर ठेवली. मग हळू म्हणाला, "प्लास्टिक खाते ती."

त्यानं बारीक करवतीनं डबी कापली. कॅसेटीचं कवच फोडलं. आतलं फितीचं चाक उचलून हातावर घेतलं आणि एक नवी कोरी कॅसेट उघडून तिच्यातली फीत फेकून दिली. मग जुनी फीत नव्या कवचात बोटानं ओढून गुंडाळायला सुरुवात केली. सावकाश, एकेक वेढा. कुठं सुटत होती, कुठं चिकटून चर्र आवाज करत होती. कौतिक स्टुलावर बसून त्या बोटांकडं बघत होता. एक गिऱ्हाईक ट्रान्झिस्टर घेऊन आलं, मुख्तारनं मान न वळवता सांगितलं, "उद्या."

फितीच्या मध्याच्या जरा पुढं एक तुकडा आला. वीतभरही नसेल. त्यावरचं आवाज धरणारं तपकिरी सगळं मागच्या वेढ्याला चिकटून निघालं होतं आणि फीत काचेसारखी आरपार दिसत होती. मुख्तारनं ती उजेडापुढं धरली, कौतिककडं पाहिलं, आणि गुंडाळत राहिला.

"बाजू ब," कौतिक म्हणाला. "तिसरं."

गाणं लागलं. आवाज पाण्याखालून येत असल्यासारखा, पण गाणं ओळखू येत होतं. पहिलं कडवं झालं. धृपद झालं. दुसरं कडवं सुरू झालं आणि कौतिक पुढं वाकला. मागं दार किरकिरलं. त्याच्या घरातलं दार, त्याला बरोबर ओळखू आलं. मग गाणं बुडालं. काहीच नाही. नुसती खरखर. एक, दोन, तीन, चार.

मग एकदम स्पष्ट, माईकच्या अगदी जवळून :

"श्श्श."

आणि पुन्हा गाणं.

मुख्तारनं बटण दाबून थांबवलं. "हे कोण?"

"मी."

रस्त्यावरून हातगाडी गेली.

"मागं घेऊन परत लावू?"

"नको. तुटेल." कौतिकनं चष्मा काढून पुसला. "पुढं जाऊ द्या. गाणं पुरं होऊ द्या."

मुख्तारनं लावलं. दोघांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. त्यात पुढं काही दोष नव्हता.

घरी वच्छलाबाई वाट बघत होती. पिंपळनेरला परत जायला तिची पिशवी भरून ठेवलेली होती. "ऐकं का?" तिनं विचारलं. "काय बोलनी?"

कौतिकनं चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या.

"जेवाले चाला, म्हणनी," तो म्हणाला.

"मी सांगेलच व्हतं तुले," वच्छलाबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

*

१९८० साली, दिवाळीच्या पाडव्याला, टेपरेकॉर्डर घरी आला. चालतो की नाही ते बघायला कौतिकनं माईक पहिल्यांदा मंजुळाबाईपुढं धरला होता. ती तोंडाला पदर लावून हसत राहिली आणि काही बोलली नाही.