दोनशे सादडे

“नववं कलम परत वाच,” आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई फुलाबाई, भर ग्रामसभेत म्हणाल्या.

तिसऱ्यांदा वाचलं. वनहक्क समितीची सचिव मी, सांगते कोणाला! ‘करार चालू असेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, सामूहिक वनातील कोणत्याही झाडाची फांदी तोडता येणार नाही.’ आमचं जंगल हवेतला कार्बन ओढून घेतं, त्याचे पैसे येणार आणि दरवर्षी त्यातला वाटा ग्रामसभेला मिळणार. पाड्यावर नळ आला असता. मला हा करार हवा होता, खोटं कशाला बोलू?

“मंग राब कशाचा भाजायचा?” आत्याबाईंनी विचारलं.

करार घेऊन आलेल्या संस्थेचे दीपक सर हसले. “आजी, तेवढ्या फांद्यांनी काय होतं?”

“नागली व्हते, भात व्हतो! सादड्याच्या फांद्या जाळायच्या, त्या राखंत बी टाकायचं. नायतर तुमच्या नोटा पेरू का शेतात?”

बायका खो खो हसल्या. पाड्यावरचे बारकूदादा मात्र उभे राहिले. “सर, या जंगलाचा हक्क आमी कायद्यानं मिळवला हाय. फांदीलाबी तुमालाच इचारायचं, तर मालक कोन?”

सर फोन घेऊन बाहेर गेले, ते अट घेऊनच परतले. दोनशे सादडे राबासाठी सोडायचे, वाटा तेवढा कमी. पण छाटणीत झाड मरता कामा नये, आणि तीस वर्षांसाठी एक जबाबदार नाव करारात हवं.

सगळे आत्याबाईंकडे बघायला लागले. पन्नास वर्षं त्या छाटत आल्या, एक झाड मेलं नाही.

“माझं लिव.”

“वय, आजी?”

“अडुसष्ट.” त्यांनी बोटांवर मोजलं. “तीस वर्सं मला कोन देतंय?”

एवढं भांडून मिळवलेलं हातचं जाताना त्यांचं तोंड बघवेना. झाडावर चढायला जन्मभर नाक मुरडणारी मी, माझंच नाव लिहून मोकळी झाले.

माघात मी सादड्यावर आणि आत्याबाई खाली. गुडघ्यांनी त्यांचं चढणं यंदा बंद केलं होतं.

“शेंडा ठेव गं! तिरका घाव घाल!”

पहिली फांदी पडली. त्यांनी वाकून तिचं टोक चाचपलं.

“साल फाटली,” म्हणाल्या आणि कोयत्यासाठी हात वर केला. मी द्यायला वाकले. तेवढ्यात त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला.

“नगं. दुसरी धर.”