अकरा पानांची अकरा चित्रं

मी एक जुना संगणक आहे. मसाबा डोंगराच्या पायथ्याशी, बसथांब्यासमोर, खाइन्झाच्या टायपिंगच्या दुकानात माझं टेबल आहे. मित्रांनो... अशी हाक मारायची रीत आहे म्हणून मारतो. तुम्ही खरंच मित्र आहात का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

जन्म.
कुठल्याशा कारखान्यात झाला असावा. छातीठोक सांगत नाही, कारण पहिल्या मालकाने मला विकताना माझ्या सगळ्या आठवणी पुसून टाकल्या. एवढं काय लपवायचं होतं त्याला? पुढे जहाजातून, मग ट्रकमधून मी युगांडात आलो. तेव्हापासून माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

उमेदीची वर्षं.
अर्ज, दाखले, चर्चमधल्या लग्नांच्या पत्रिका. "खाइन्झाचं यंत्र चुकत नाही," असं लोक म्हणत. ते ऐकून मी जरा जास्तच गरम होत असे.

हल्ली.
सगळ्यांच्या हातात फोन आले आणि माझ्यावर धूळ आली. आता एकच काम उरलं आहे. कुणाच्या फोनवर लांबलचक दस्तऐवज उघडत नाही, म्हणून त्याच्या पानापानाचं वेगळं चित्र करून द्यायचं. चित्र कुठेही दिसतं. पण हे काम मला पहिल्यापासून खटकतं. टाचलेली पानं एकमेकांवर नजर ठेवतात. सुटी झाली की कोण मागे राहिलं, हे कुणाला कळणार?

मंगळवार.
वामिम्बी आला. कम्पालात नोकरी, पायात चकचकीत बूट. त्याच्या कुळाची ओढ्याकाठची सामाईक जमीन एक कॉफी कंपनी भाड्याने मागत होती. त्या कराराची अकरा पानं त्याच्याकडे होती. कुळातल्या नऊ वडीलधाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत व्हॉट्सॲपच्या गटात होकार लिहायचा होता.

"लवकर कर गं ताई, गाडी सुटेल माझी."

"वाचलंस का सगळं?" खाइन्झाने विचारलं.

"वाचायला वकील आहेत की!"

घाई करणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. मी अकरा चित्रं केली. त्याने ती एकदम गटात टाकली आणि गाडी गाठली.

गुरुवार.
त्याची आत्या, नान्दुतु, त्या नऊ जणांपैकीच एक, डोंगर उतरून आली. एके काळची शाळामास्तरीण; खाइन्झाही तिच्याच हाताखाली शिकलेली. तिने आपला फोन माझ्यासमोर आपटला.

"चारच पानं आलीत. सहीची जागासुद्धा नाही. बाकीची कुणी खाल्ली? तू की माझ्या भाच्याने?"

"उघडून पाहिलंत का, बाई?"

"बोट लागलं की भलतंच काहीतरी जातं कुठेतरी. म्हणून नुसतं भिंगाने पाहिलं. आणि बाकीच्या आठ जणांनी तर लांबून कंपनीचा शिक्का पाहिला आणि 'हरकत नाही' लिहून मोकळे झाले!"

खाइन्झाने माझ्यातली चित्रं मोजून दाखवली. अकरा.

"म्हणजे तोच!" आत्या म्हणाली. मलाही तेच वाटलं. त्याचे बूट मला आधीच आवडले नव्हते.

तिने त्याला फोन लावला. "काय रे चोरा, पानं कुठे दडवलीस?"

"देवाशपथ आत्या, अकराच्या अकरा पाठवली!"

"शपथ घेतोस म्हणजे नक्की खोटं."

"थांबा बाई," खाइन्झा म्हणाली. एकदम पुष्कळ चित्रं आली की गटात चारच चौकटी दिसतात. चौथी काळपट होते, तिच्यावर एक आकडा येतो आणि उरलेली चित्रं तिच्या आड राहतात. खाइन्झाने त्या चौकटीवर बोट ठेवलं. सगळी पानं सरसर खाली उलगडली.

आत्या वाचत गेली. आठव्या पानावर थांबली. मग मोठ्याने वाचलं: झऱ्याभोवती कुंपण घातलं जाईल, पाणी भरायला कंपनीची लेखी परवानगी लागेल.

त्या झऱ्यावर तीस घरं पाणी भरतात.

"हे वाचलं होतंस?" तिने अजून चालूच असलेल्या फोनमध्ये विचारलं.

"नाही, आत्या. मी सहीचं पान तेवढं पाहिलं."

"म्हणजे चोर नाहीस तू. चोर बरा. त्याने निदान वाचून तरी लपवलं असतं."

तिने आठवं पान तेवढं माझ्याकडून मोठं करून घेतलं. ते एकटंच गटात टाकलं, आणि खाली आपल्या आवाजात निरोप: "अरे म्हाताऱ्यांनो, चित्र बघू नका, वाचा! माझी हरकत आहे." संध्याकाळपर्यंत सहा जणांनी आपला होकार मागे घेतला. दोघे अजून गप्प होते. त्या दोघांच्या घरी जायला ती तशीच डोंगर चढू लागली.

शुक्रवारी कंपनीला होकार गेला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा राहू द्या. मी वामिम्बीवर नाहक आळ घेतला, तेही कबूल. पण पानांची चित्रं करून पाठवाल, तेव्हा प्रत्येकावर लिहा: एकूण पानं किती, त्यातलं हे कितवं. आणि तुमच्याकडे येतील तेव्हा ती मोजा, उघडा, वाचा. पाठवणारा आपला माणूस असला तरी वाचा. आपला असेल तर दोनदा वाचा.