पाच रॅफर्टी आणि सहावं नाव

मित्रांनो, वय लपवायची सवय माणसांना असते, वह्यांना नसते. मी पाऊणशे वर्षांची जुनी कात्रणवही आहे. माझा तपकिरी कापडी पुठ्ठा उसवला आहे, साठांपैकी चार पानं उंदरांनी खाल्ली आहेत आणि मला उघडलं की अजूनही आंबट खळीचा वास येतो. सध्या मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात करड्या खोक्यात आडवी पडून असते. इथे ऊन नाही, ओल नाही, वाळवी नाही. हिला आता काय कमी आहे, असं लोकांना वाटतं. कमी आहे, आणि तेच सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. कापलं, शिवलं, दाबलं आणि शंभर बहिणींबरोबर गठ्ठ्यात बांधून अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या एका दुकानात धाडलं. १९०९ साली तिथून मला नोरा रॅफर्टीने उचललं. दुकानदार म्हणाला, "पाककृती लिहायला फार छान आहे बघा."

"मला चूलच नाही, तर पाककृती कसल्या लिहू?" नोरा म्हणाली आणि मला काखेत मारून चालू लागली.

खरंच नव्हती तिला चूल. रॅफर्टी म्हणजे व्हॉडव्हिलवाले. एकाच तिकिटात गाणी, नाच, विनोद, कसरती, शिकवलेली कुत्री, असे आठ-दहा प्रकार दाखवणारी थिएटरं तेव्हा गावोगाव होती, आणि त्या खेळातली बारा मिनिटं रॅफर्टींची असत. आठवडाभर एक गाव, रविवारी आगगाडी, सोमवारी पुढचं गाव. जाहिरातीत छापलेलं असे, 'पाच रॅफर्टी'. कॉन हा बाप, तो उभ्याने फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवी. वाजवता वाजवता त्याच्या मांड्यांवर, खांद्यांवर सगळं कुटुंब चढे. खाली नोरा, मग बारा वर्षांची अ‍ॅग्नेस, मग दहाचा लिओ आणि सगळ्यांच्या वर, बापाच्या डोक्यावर पाय रोवून, धाकटी पर्ल. वर पोचली की ती खाली वाकून विचारी, "पप्पा, आता उतरायचं कसं?" आणि थिएटर खदखदून हसे.

मी हा खेळ कधी पाहिला नाही. पण दर मंगळवारी वर्तमानपत्रात जे छापून येई ते माझ्या अंगावर डकवलं जाई, त्यामुळे मला सगळं पाठ होतं. नोरा खोलीतल्या शेगडीवर चोरून मैद्याची खळ शिजवी, तीत चिमूटभर तुरटी टाकी आणि बोटाने कात्रणाच्या पाठीला लावी. तिची बोटं खरखरीत होती, पण कात्रण कधी वाकडं बसलं नाही. पेटारे हमालांच्या हातून आपटत, मी मात्र प्रवासभर तिच्या मांडीवर. याचा मला फार तोरा होता, खोटं कशाला बोलू?

पर्लचं वय मात्र मलाही नीट कळलं नाही. लहान मुलांना स्टेजवर नाचवायला कायद्याची आडकाठी होती, म्हणून तपासनीस आला की ती मोठी होई. गाडीत अर्ध्या तिकिटासाठी ती लहान होई.

"गाडीत कितीची?" नोरा विचारी.

"चारची."

"आणि तो टोपीवाला काका आला की?"

"नऊची. पण मम्मा, मी खरी कितीची?"

"खरी तू माझी आहेस. चल, मोजे घाल."

ती खरी सहा वर्षांची होती, आणि तिचं वय तिथेच थांबलं.

१९११ च्या फेब्रुवारीत आम्ही आयोवातल्या कॅलवर्ट गावी होतो. स्ट्राउडबाई नावाच्या विधवेच्या घरी भाड्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. बुधवारी पर्लला ताप भरला, छाती वाजू लागली. 'मुलीला बरं नाही' असं सांगून बाकीचे चौघं खेळ करत राहिले आणि थिएटरचा मॅनेजर कुरकुरत राहिला. शुक्रवारी सकाळी, पाव आणि कॉफी टेबलावर मांडलेली असताना, पर्ल गेली.

मी स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर होते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर बोललं गेलं.

"क्विन्सीला तार करतो," कॉन म्हणाला. क्विन्सी म्हणजे आमचं सोमवारचं गाव. "कळवतो, आमची पोरगी गेली."

"मग काय करतील ते? फुलं पाठवतील?" नोराने विचारलं. "करार पाच जणांचा आहे. चौघं दिसले की पहिल्या खेळालाच हाकलतील. पुढची सोळाच्या सोळा गावं गेली. मग या दोघांना खायला काय घालू, तुझं फिडल?"

"नोरा, ती अजून वर खाटेवर आहे."

"कुठे आहे ते मला माहीत आहे."

मोरीपाशी एक मुलगी स्टुलावर उभी राहून भांडी घासत होती. स्ट्राउडबाईंनी तिच्याकडे मानेने दाखवलं. "ही टिल्डा. टिल्डा ब्रँट. माझ्या नवऱ्याच्या मेलेल्या बहिणीची. सातची आहे, पण अंगाने तुमच्या मुलीएवढीच. हिच्या मागे-पुढे कुणी नाही. डॉक्टर सही करायला येईल तेव्हा मी सांगते, भाची गेली म्हणून. कोण चौकशी करायला बसलंय हिची?"

भांड्यांचा आवाज थांबला. मग नोरा उठून मोरीपाशी गेली.

"गाता येतं का गं?"

"नाही."

"पडल्यावर रडतेस?"

"नाही."

"आण तुझी चादर," नोरा म्हणाली. मग कॉनकडे न बघता म्हणाली, "हंगाम संपेपर्यंतच. जूनमध्ये इथे परत येऊ, पर्लच्या नावाचा दगड बसवू आणि या पोरीला तिचं नाव परत देऊ. माझा शब्द आहे."

शनिवारी मातीला स्ट्राउडबाई एकटी गेली. घरमालकिणीच्या भाचीला पोचवायला भाडेकरू कशाला जातील? शिवाय रॅफर्टींचा दुपारचा खेळ होता. दफनभूमीच्या नोंदवहीत लिहिलं गेलं, 'टिल्डा ब्रँट, वय सात'. जागेवर आकडा कोरलेली एक लोखंडी खुंटी ठोकली, दोनशे अठरा.

रविवारी गाडीत ती मुलगी पर्लच्या कोटात, पर्लच्या बुटांत, माझ्या शेजारी बसली होती. बूट तिला इतके आवळ होते की मोज्यांवर रक्त आलं होतं. तिकीट तपासनीस गमतीने वाकला.

"काय गं ठमाबाई, नाव काय तुझं?"

"टिल्डा."

नोराचा हात माझ्या पुठ्ठ्यावर घट्ट आवळला. पण लिओ कसला वस्ताद! तो लगेच हसून म्हणाला, "बाहुलीचं नाव सांगतेय हो ती! कधी पण बाहुलीचंच सांगते, वेडी!" तपासनीसही हसला. पुढच्याच स्टेशनावर नोराने चिंध्यांची एक बाहुली घेतली आणि त्या मुलीच्या हातात दिली.

क्विन्सीत तिला कुणी वर उभं केलं नाही, हे मला रात्री खोलीतल्या बोलण्यावरून कळलं. कॉनने तिला खांद्यावर नुसतं बसवलं आणि तिने पढवल्याप्रमाणे विचारलं, "पप्पा, आता उतरायचं कसं?" लोक हसले. कॉनच्या गालावरचा रंग ओघळला, तेव्हा लोक आणखी हसले. मंगळवारी छापून आलं, 'चिमुकली पर्ल गेल्या वर्षीपेक्षा किती मोठी झाली!' नोराने ते चार कोपरे सरळ करून माझ्या बाविसाव्या पानावर डकवलं. मला त्या दिवशी ती खळ फार थंड लागली.

जूनमध्ये आम्ही कॅलवर्टला गेलो नाही. जूनमध्ये पुढच्या हंगामाचे करार होत होते आणि त्यांत 'पाच' हाच आकडा होता. त्याच्या पुढच्या जूनमध्येही तेच. टिल्डा हळूहळू वर उभी राहायला शिकली, पडली, रडली नाही. १९१३ साली एका पत्रकाराने चिमुकल्या पर्लवर अर्धा रकाना लिहिला. तिला नाशपाती आवडते, तिला तीन गाणी येतात, तिच्या लाडक्या बाहुलीचं नाव टिल्डा आहे. तेही माझ्यात आहे, एकतिसाव्या पानावर. नोराने तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, पण कधी नावाने हाकही मारली नाही. चारचौघांत 'बाळ' आणि घरात 'अगं ए'.

पुढचं भरभर सांगते, कारण ते भरभरच झालं. लिओ १९१८ साली फ्रान्समध्ये युद्धात मेला. बोलपट आले, थिएटरवाल्यांनी पडदे टांगले आणि आमची बारा मिनिटं संपली. कॉन दारूत गेला. १९३१ साली पिओरियात नोरा आजारी पडली. वीस वर्षांत तिने टिल्डाला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

"पर्ल," ती म्हणाली. "पर्ल, उतर बघू खाली."

"ओ मम्मा, उतरते," टिल्डा म्हणाली. ती दुसरं काय म्हणणार?

मग दोघी बहिणी राहिल्या. हो, बहिणीच म्हणते मी. दोघींनी शिवणकामाचं दुकान चालवलं आणि मी कपाटावर धूळ खात राहिले. टिल्डा दर वर्षी विषय काढी. "अ‍ॅग्नेस, एकदा कॅलवर्टला जाऊन येऊ. तू नुसतं खरं सांग त्यांना. त्या पोरीच्या अंगावर साधा दगड नाही गं."

"आणि मम्माला लोक काय म्हणतील? पोटची पोर बेवारशासारखी पुरली म्हणतील," अ‍ॅग्नेस म्हणे. "मी असेपर्यंत नाही. तुला आमच्या घरात काही कमी पडलं का?"

कमी पडलं नाही, म्हणून टिल्डा गप्प बसे. खरं सांगू शकणारं माणूस घरात एकच उरलं होतं, आणि तिने त्याच माणसाच्या मरणाची वाट बघितली. ही तिची चूक. भिडेपोटी माणसं अशा चुका करतात. १९७३ साली अ‍ॅग्नेस गेली. पुढच्या वसंतात सत्तर वर्षांच्या टिल्डाने दगड घडवायला सांगितला, त्यावर घालायचं नाव लिहून दिलं, 'पर्ल रॅफर्टी, १९०५ ते १९११', आणि मला पिशवीत घालून ती कॅलवर्टची बस चढली. कारण दफनभूमीचा नियम असा की दगडावरचं नाव नोंदीशी जुळलं पाहिजे.

नोंदणी कार्यालयात एक तरुण बाई होती, कपाळावर चष्मा सरकवलेली. तिने टिल्डाला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजी, पुरावा काय आहे?"

टिल्डाने मला टेबलावर ठेवलं. किती विश्वासाने ठेवलं! ती बाई एकेक पान उलटू लागली आणि मला समजलं की आता माझ्या हातून काय होणार आहे. मित्रांनो, मी एकही शब्द मनाचा घातलेला नाही. जे छापलं गेलं तेच माझ्यात आहे. आणि १९११ नंतरच्या प्रत्येक पानावर पर्ल जिवंत होती. क्विन्सीत, डेव्हनपोर्टमध्ये, सेंट लुईमध्ये, हसरी, गोड, वाढणारी.

"आजी, यात तर सगळीकडे तुम्हीच आहात," ती बाई म्हणाली. "हे बघा, पर्ल रॅफर्टी. हे पण बघा."

"तीच तर मी नाही. मी टिल्डा."

बाईने एकतिसावं पान वाचलं. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "टिल्डा ही तुमची बाहुली होती ना? इथे छापलंय. असं होतं हो आजी, वय झालं की. माझ्या आजीचंही असंच व्हायचं."

टिल्डाने मला आपल्याकडे ओढून घेतलं.

"असं करू या का?" बाई म्हणाली. "दोनशे अठरावर टिल्डा ब्रँट नावाचा दगड चालेल. आजच परवानगी देते. कुणीतरी त्या पोरीची आठवण ठेवली, हेच खूप झालं."

"ते नाव नका घालू," टिल्डा म्हणाली. "ते मला लागणार आहे."

परतीच्या बसमध्ये तिने मला मांडीवर उघडलं. पहिल्या पानावर पाच जणांचा फोटो आहे, १९१० चा. त्यातल्या सगळ्यात लहान मुलीखाली तिने पेन्सिलने लिहिलं, 'ही पर्ल.' मग १९१२ च्या फोटोचं पान उघडलं आणि त्याच जागी उभ्या असलेल्या मुलीखाली लिहिलं, 'ही मी, टिल्डा.' बस हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलं. माझ्या अंगावर खरं असं तेवढंच लिहिलेलं आहे.

तीन वर्षांनी ती गेली. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून चांगला दगड बसवला, कागदपत्रांत होतं ते नाव घालून. म्हणजे पर्लच्या नावाचा दगड बसला, पण पर्लवर नाही. मला कुणीतरी ग्रंथालयाला दिलं. तिथे एका अभ्यासू तरुणाने हातमोजे घालून माझं पान न् पान तपासलं आणि खोक्यावर यादी चिकटवली. तिच्या शेवटी एक सूचना आहे. 'फोटोंखाली पेन्सिलने नंतर लिहिलेली नावं चुकीची आहेत, विचारात घेऊ नयेत.'

त्याच्यावर मी रागावले नाही. त्याने छापलेलं सगळं मन लावून वाचलं आणि ते सगळं एकमेकांशी जुळत होतं.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, हे मी सांगणार होते. पण माझी काळजी घेणारे पुष्कळ आहेत. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस आपलं नाव काही वेगळंच सांगू लागलं, तर त्याला हसू नका. कागद मागण्याआधी थोडं ऐकून घ्या, आणि सांगू शकणारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवा. आणि कधी कॅलवर्टला गेलात, तर दफनभूमीच्या उत्तरेच्या कुंपणाशी जा. गवत बाजूला केलंत की दोनशे अठराची खुंटी सापडेल. तिथे उभं राहून एकदा पर्ल म्हणून हाक मारा. तिला त्या नावाने कुणी हाक मारून फार वर्षं झाली.