आगाऊ खोदलेल्या कबरी

"ह्यो खड्डा कुणाचा?" लुडेलामावशीनं काठी रोखून विचारलं.

"तुमचा, मावशी," थिओडिस म्हणाला.

"आन् त्यो देवदाराखालचा?"

"मोझेलमावशीचा."

"आन् ह्यो तिसरा?"

थिओडिसनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. तेव्हा मला उमगलं, तिसरा माझा होता.

आता तुम्हीच सांगा. मी अडुसष्ट वर्षांची. दात माझे स्वतःचे, गुडघे शाबूत, शाळा होती तोवर शाळेची बस चालवली आणि आता चर्चची व्हॅन चालवते. आणि माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान असलेल्या या बाबानं माझी कबर खणून, कडा तासून, वर पत्रा झाकून ठेवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुडद्या," मी म्हटलं, "मला कवा धाडायचा इचार हाय तुजा?"

"आक्का, रागावू नगस. लगीच न्हाई काय. लागंल तवा लागंल. खड्डा काय खायाला मागतो व्हय?"

"मागतो," मोझेल म्हणाली. ही बाई दिवसाकाठी दोन वाक्यं बोलते, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. "उघडा खड्डा उपाशी ऱ्हात न्हाई. तुज्या बापाला इचार."

त्याचा बाप तिथंच कुंपणाकडेला मातीखाली निजलेला होता, त्यामुळं विचारणं अवघड नव्हतं.

आमच्याकडं ही रीतच आहे. माणूस गेला की पुरायच्या दिवशी सकाळी खड्डा घ्यायचा आणि ऊन उतरायच्या आत बुजवायचा. रात्रभर उघडा ठेवला तर तो आणखी एकाला बोलावतो. आणि खणायचं हातानंच. शहरातल्या मयत नेणाऱ्या लोकांनी एकदा खोदाईचं मशीन आणलं होतं. आमच्या काळ्या मातीनं ते चाकं पोटात घेऊन असं बसवलं, की लाकडं वाहणारा ट्रक आणून ओढावं लागलं. त्यानंतर त्यांनी हात जोडले.

आमच्या गावाला, हॅचर बेंडला, तीन अंगांनी नदी आहे आणि चौथ्या अंगाला एकच रस्ता. तोही ओढ्याच्या पुलावरून जातो, आणि पुरात पूल आधी बुडतो. पलीकडच्या काठावर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, गाव दिसतं, तिथल्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं, पण पार नेणारी नाव बंद झाली तेव्हापासून तिथं जायला चाळीस मैलांचा वळसा. माझ्या लहानपणी इथं कापूस वेचणारी इतकी माणसं होती, की रविवारी माउंट नीबो चर्चमध्ये मावायची नाहीत, खिडक्यांबाहेर उभी राहून गायची. मग कापूस गेला. मालकांनी रानात पाइनची झाडं लावली, आणि पाइनला वेचायला माणूस लागत नाही. शाळा गेली. पोरं डेट्रॉइटला, शिकागोला, मोबीलला गेली. घरांवर रानवेल चढला, आता कुठलं घर कुणाचं ते धुरांड्यावरून ओळखायचं. उभ्यानं गेलेले परत येतात, पण आडवे होऊन, कारण पुरायचं तर नीबोच्या मातीतच, असं प्रत्येक जण जाताना सांगून जातो. त्यामुळं इथली वरची वस्ती घटतेय आणि खालची वाढतेय.

आणि या सगळ्यांसाठी खणणारा माणूस उरला एकच. थिओडिस, वय त्रेसष्ट, बेंडमधला सगळ्यांत तरणा गडी.

त्याची लेक रेनिता हंट्सव्हिलला असते. बायको गेल्यापासून ती बापाला बोलावतेय. त्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली असायची. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. निघायचं ठरवलं की कुणीतरी डोळे मिटायचं, नाहीतर शिकागोहून मयताची पेटी यायची. मग पिशवी बाजूला आणि पहार हातात. लुडेलामावशीनं तर त्याच्याकडून शब्दच घेतला होता, "मला मातीत घातल्याबिगर हालायचं न्हाई." मावशी एक्याण्णव वर्षांची, पण हालायचं लक्षण नव्हतं.

या खेपेला रेनितानं त्याच्यासाठी एका शाळेत रखवालदाराची जागा बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं. "या बारीला आला न्हाईस बाबा, तर मी परत इचारणार न्हाई," असं ती म्हणाली. तो मला हे सांगताना अंगणातल्या बादलीकडं बघत होता. मला त्याची दया आली होती, खोटं कशाला बोलू. माझाही लेक डार्नेल मोबीलहून दर रविवारी फोन करतो, आई खोली रंगवून ठेवलीय म्हणतो.

तर दिलेला शब्द मोडायचा नाही आणि सोमवारही चुकवायचा नाही, म्हणून या शहाण्यानं ही अक्कल लढवली होती. सप्टेंबरच्या कोरड्या मातीत, जिथं पहार मारली की ठिणगी उडते, तिथं तो आठवडाभर एकटा खणत होता. आम्हाला वाटलं कुंपण दुरुस्त करतोय.

"शबुद दिल्ता मी. शबुद पाळला," तो म्हणाला. "आता तुमी निवांत मरा."

लुडेलामावशी खड्ड्याच्या काठाशी गेली. काठीनं लांबी मापली.

"पाय उगवतीला हायेत का?"

"हायेत की."

"मग आखूड का खनलास? मी काय शेळी हाय?"

"मावशी, तुमी आटलायसा आता. पयल्यासारक्या उंच न्हाई ऱ्हायल्या."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. मावशीला आलं नाही. "बुजीव," ती म्हणाली. "तिन्ही. आज सांच्या आत."

"न्हाई बुजीवणार."

असं उलट बोलणं त्याच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. तो पहार खांद्यावर टाकून निघून गेला. मोझेलनं त्याला त्या दिवशी मक्याची भाकर पाठवली नाही. बेंडमध्ये याहून मोठी शिक्षा नाही.

शुक्रवारी आखाताकडून वादळाचं शेपूट आलं. आमची माती तुम्हाला माहीत असेल, उन्हात भेगाळते आणि पाण्यात फुगते. शनिवारी दुपारी उघडीप पडली, तोवर ओढ्याचा पूल दिसेनासा झाला होता. रविवारची प्रार्थना होणार की नाही देव जाणे, पण चर्च झाडायचं म्हणून मी दोघींना व्हॅनमध्ये घालून नीबोला नेलं. दार उघडतोय तोच चर्चमागच्या कबरस्तानातून आवाज आला. घोगरा, थकलेला.

"कुनी हाय का?"

मोझेलनं माझा दंड धरला. "बोलावला बग खड्ड्यानं कुनाला तरी," ती म्हणाली.

थिओडिस माझ्या कबरीत उभा होता. छातीपर्यंत गढूळ पाणी. सकाळी पत्रे सरकले का बघायला आला आणि काठ त्याच्या पायाखालीच ढासळला. वर चढायला गेला की चिकणमाती हातात यायची आणि तो परत खाली. बूट तळात रुतलेले. सकाळपासून तो ओरडत होता आणि ऐकायला पाइनची झाडं होती. ओठ निळे पडले होते. माझा राग कुठल्या कुठं गेला. हा माणूस आता इथंच मरतो की काय, एवढंच मनात आलं.

मी काउंटीच्या मदतवाल्यांना फोन लावला. पलीकडची पोरगी म्हणाली, पूल उघडा पडेपर्यंत गाडी येणार नाही, धीर धरा.

"धीर त्येच्यापाशी न्हाई गं बाय, पानी हाय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"शेडातले पट्टे आन," लुडेलामावशी म्हणाली.

पेटी खाली सोडायचे ते जाड कापडी पट्टे. थिओडिसच ते नेहमी धुऊन गुंडाळून ठेवायचा. मोझेल चिखलात पालथी पडली आणि पट्टा खाली सोडला. "काकंखालनं घे," ती म्हणाली. त्यानं घेतला. दुसरं टोक मी व्हॅनच्या मागच्या आकड्याला बांधलं आणि गाडी चालू केली. व्हॅन गुरगुरली, चाकं जागच्या जागी फिरली आणि रुतायला लागली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तशी आता आमची गाडीपण निघाली.

"झगं आना!" मावशी ओरडली.

"कसलं झगं?"

"गानाऱ्यांचं! घालनारं कोन उरलंय? मोझेल एकटी गाती, आन् तीबी बेसूर."

मोझेलनं कपाटातून जांभळे झगे कवेत भरून आणले, सोनेरी गळ्याचे, डेट्रॉइटवाल्यांनी वर्गणी काढून पाठवलेले. आम्ही ते चाकांखाली अंथरले. माझी आईही तसल्याच एका झग्यात गायची. मी त्याकडं बघायचं टाळलं आणि गिअर टाकला. मोझेल पट्टा खांद्यावरून घेऊन ओढत होती, मावशी काठी फेकून दोन्ही हातांनी तिला धरून ओढत होती, आणि व्हॅन झग्यांवरून हातभर पुढं सरकली. मग आणखी हातभर. मागं आरशात मला आधी थिओडिसचं डोकं दिसलं, मग खांदे, मग पोटावर सरपटत येणारा सगळा थिओडिस, बूट नसलेला.

तो चिखलात पडून रडला. आम्ही त्याला चर्चमध्ये नेऊन पुसलं, पडदा काढून गुंडाळला, थर्मासमधली कॉफी पाजली. कप खाली ठेवून तो म्हणाला, "मी न्हाई जात. माजी चूक झाली. मी फोन करतो रेनिताला."

लुडेलामावशी त्याच्यासमोर बाकावर बसली होती. धाप लागलेली, हात चिखलानं काळे.

"सुक्काळीच्या, ऐक," ती म्हणाली. "तुज्यासारका रेडा आमी आज वर काडला, जिता. मेलेलं मानूस तर नुस्तं खाली सोडायचं आसतंय. तेवडं जमंल आमाला. शबुद सोडला मी तुजा. जा."

"मावशी..."

"जा म्हनती न्हवं. पूल दिसला की जा."

रविवारी सकाळी पूल दिसला. खड्ड्यांचं काम त्याला फारसं करावं लागलं नाही. माती फुगून तिन्हींची तोंडं ढासळली होती, फावड्यानं सपाट करायचंच उरलं होतं, तेवढं त्यानं अनवाणी केलं. मोझेलनं त्याला भाकर, तळलेला मासा आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याचे बूट दिले.

मी त्याला व्हॅननं बस थांबते त्या पेट्रोलपंपावर सोडलं. रात्रभर प्रवास करून सोमवारी सकाळी तो पोचणार होता. बस आली. तो पायरीवर चढला आणि मागं वळला.

"आक्का, तूबी चल की. माँटगोमेरीला मोबीलची बस मिळती. डार्नेल कवाचा वाट बगतोय."

बसचं दार उघडं होतं. चालकानं माझ्याकडं पाहिलं. आतून गार हवा येत होती. माझ्या अंगावर बरे कपडे होते, पर्स खांद्याला होती. एवढ्या वर्षांत मी त्या दाराच्या इतकी जवळ कधी उभी राहिले नव्हते, आणि मला जायचं होतं. खूप जायचं होतं.

"व्हॅन कोन परत न्हेनार?" मी म्हटलं.

दार मिटलं.

वळसा घालून बेंडला परतले तेव्हा ऊन कलत होतं. दोघी चर्चच्या पायरीवर माझी वाट बघत बसल्या होत्या. मोझेलनं माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं, रताळ्याच्या गोड वडीसकट. एवढं लाडाचं ताट तिनं मला कधी दिलं नव्हतं. मी खायला बसले. घास तोंडात होता तोच लुडेलामावशीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"व्हर्लीन, आता बेंडात तरनी म्हंजे तूच," ती म्हणाली. "मला जरा लांब खन बरं का. त्येनं आखूड खनला हुता."

"आन् मला देवदारापासनं थोडं सरकून," मोझेल म्हणाली. "मुळ्या लागत्यात."

मी वडी संपवली, बोटं पुसली आणि विचारलं, "पहार कुटं ठिवलीया त्येनं?"