वाफेत सैलावलेली मूठ

आमच्या उत्तरेकडच्या थंड कैनू भागात डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायची आणि स्वच्छ होऊन जायचं. मळक्या अंगाने डॉक्टरपुढे बसणं म्हणजे अपमान, त्यांचा आणि आपलाही. त्यामुळे मार्चमधल्या त्या सकाळी माझा नवरा उर्पो लवकर उठून सौनाची लाकडं पेटवायला गेला, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला आमवात आहे. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, तो. एका इंजेक्शनाच्या जोरावर मी पुन्हा मागावर बसून गालिचे विणायला लागले होते. मग हिवाळ्यात ते लागू पडेनासं झालं. सकाळी बोटं टम्म फुगलेली, कॉफीचा कप दोन मनगटांच्या बेचक्यात धरायचा. औषध बदलून मिळावं, एवढंच मला हवं होतं.

"चांगली बस वाफेत," उर्पो म्हणाला. "खेड्यातली बाई धुराचा वास घेऊन आली, असं नको व्हायला."

बसले. ऊब लागली की सांधे सैलावतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हा दोघा शहाण्यांना कळलं नाही.

डॉक्टर वेस्टरलुंडबाईंनी विचारलं, "कशा आहात?"

"तसं चाललंय," मी म्हटलं. आमच्याकडे जळत्या घरातून बाहेर पडलेला माणूसही एवढंच म्हणेल.

"मूठ वळा बघू."

वळली मेली.

"छान."

"पण बाई, सकाळी नाही हो वळत. कपसुद्धा धरवत नाही."

"रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, सूजही फारशी नाही. हेच चालू ठेवू. सप्टेंबरात बघू."

उन्हाळ्यात मी दवाखान्यात दोनदा फोन केला. तिकडून सांगितलं, कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा. माझ्या हाडांना आग लागलेली, आणि यांचं कोमट पाणी! संताप संताप झाला.

सप्टेंबरात उर्पो लाकडं आणायला निघाला, तर मी त्याला अडवलं. "आज सौना नाही. डोकंही धुणार नाही."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांची बोटं वळतात."

या वेळी मूठ वळली नाही. मार्चमध्ये सौनात शेकून आले होते, हेही मी सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. लगेच एक्सरे काढला. मनगटाचं हाड कुरतडलं गेलं होतं, मार्चमधल्या एक्सरेत ते धड होतं. नवीन औषध त्याच आठवड्यात सुरू करायचं ठरलं.

"झिजलंय ते भरून येईल?" मी विचारलं.

"नाही. पुढचं थांबवता येईल."

"आणि माझा माग?"

त्या पुन्हा एक्सरेकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मार्चमध्ये तुम्ही अशाच आला असतात, तर..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मार्चमध्ये मी तोंडाने सांगितलं होतं, बाई. तोंड धुतलेलं होतं, खोटं नव्हतं."

निघताना उर्पो सवयीने माझ्या कोटाची बटणं लावायला पुढे झाला. मी त्याला हाताने मागे सारलं.

"तू राहू दे. यांना लावू दे."

बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी सगळी बटणं लावली, खालपासून गळ्यापर्यंत. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी मात्र शेवटचं बटण लागेपर्यंत त्यांच्याकडेच बघत होते.