दुपारपर्यंतचं हसू

विनया आचोळ्याच्या फ्लॅटमधून वसईकडच्या वटारच्या वाडीत सून म्हणून आली, ते साल होतं चौऱ्याण्णव. वडील मुंबईत नोकरीला, मूळ गाव कोकणात. केळीचा घड कधी उतरवतात, सोनचाफा पहाटेच का खुडतात, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती वाडीतल्या बावखलात, म्हणजे तळ्यात, कपडे धुवायला उतरली, शेवाळावरून घसरली आणि कमरेएवढ्या पाण्यात बसून इतकी हसली, की शेजारच्या वाडीतली रेजिना कुंपणापाशी धावत आली. जितेंद्र काठावर उभा होता. हात देऊन बायकोला वर काढायचं सोडून तो नुसता बघत राहिला. नंतर तो तिला म्हणायचा, लग्न मांडवात झालं, पण मी तुझा झालो तो त्या दिवशी.

दोघांना तीन महिने मिळाले. मग जितेंद्र मस्कतला गेला. तिथे एसी दुरुस्तीचं काम होतं आणि दीड-दोन वर्षांनी एकदा सुट्टी. फोन रेजिनाच्या घरी यायचा, कारण तिचाही नवरा आखातातच होता आणि त्याने घरी फोन घेतला होता. शुक्रवारी दुपारी रेजिनाची हाक आली की विनया हातातलं टाकून धावायची.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडताना डावी पापणी जड व्हायची आणि एका कळीच्या दोन दिसायच्या. मग जेवताना जबडा थकायला लागला. भाकरी चावता चावता हनुवटीला हाताचा टेकू द्यावा लागे. बोलणं नाकातून येऊ लागलं. आणि रात्रभर झोप झाली की सकाळी सगळं लख्ख, जणू काही झालंच नव्हतं. म्हणून ती कोणाला काही बोलली नाही. सकाळी उठून तक्रार तरी कशाची करायची?

हसू गेलं ते मात्र तिला स्वतःलाच कळलं नाही. आतून ते नेहमीसारखंच यायचं, छातीत भरायचं, गळ्यापर्यंत चढायचं. चेहऱ्यावर काय उमटतंय ते बघायला समोर आरसा नव्हता, माणसं होती. माणसांच्या तोंडावरून तिला समजू लागलं की काहीतरी बिनसलंय. सासू, हंसाबाई, काही सांगता सांगता मध्येच थांबायच्या आणि विचारायच्या, तोंड का वाकडं करतेस? वाडीत बोलणं सुरू झालं, की इमारतीतली पोर आहे, नवरा परदेशात कमावतो, आता नाक वर चढलंय.

जितेंद्र पहिल्यांदा सुट्टीवर आला तो दीड वर्षांनी. येताना त्याने तिथल्या गमती साठवून आणल्या होत्या. सकाळी तो उशिरा उठायचा, तोवर ती वाडीत कामाला गेलेली असायची. संध्याकाळी ओटीवर बसून तो त्या रंगवून सांगायचा, आणि विनया अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी, सुतकी चेहऱ्याने त्याच्याकडे बघत बसायची. आत तिला हसू आवरत नव्हतं. त्याला दिसत होती ती कंटाळलेली बायको. दोन-चार दिवसांनी त्याने गमती सांगणं सोडलं. पुढे पुढे तो संध्याकाळचा बाहेरच जाऊ लागला.

निघायच्या दिवशी संध्याकाळी तो आईच्या पाया पडून उठला, बॅग उचलली आणि तिच्याकडे वळला. तिने सगळा जीव एकवटून त्याच्यासाठी हसायचा प्रयत्न केला. ओठांच्या कडा वर गेल्याच नाहीत. वरचा ओठ तेवढा मध्येच उचलला गेला आणि दात दिसले. जितेंद्रच्या डोळ्यांत जे उतरलं, ते तिला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं.

"इथे एवढं नकोसं झालं असेल, तर आचोळ्याला जाऊन राहा," तो म्हणाला. "मी आईला समजावेन."

त्यानंतर शुक्रवारचे फोन विरळ झाले. आलाच तर आईला बोलावणं यायचं.

मग एकामागून एक डॉक्टर झाले. वसईतल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. एकाने घसा तपासला, काही सापडलं नाही. चौथ्याने हंसाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की शरीरात काही नाही, मनात आहे. नवरा लांब असला की मुलींना असं होतं.

हे शेवटचं विनयाने दाराआडून ऐकलं आणि ते तिच्या मनात घर करून बसलं. सगळे म्हणताहेत म्हणजे खरं असेल. आपल्यालाच तो नकोसा झाला असेल, फक्त आपल्याला ते कळलेलं नसेल. दुपारी पडल्या पडल्या ती स्वतःला चाचपायची. त्याचा आवाज आठवायची, बावखलाच्या काठावर उभा असलेला तो आठवायची, आणि तो तिला पहिल्यासारखाच हवासा वाटायचा. मग हे चेहऱ्याला का कळत नाही? त्याच्या दोन शर्टांना अजून त्याचा वास होता. ते तिने धुतले नव्हते.

हंसाबाई बदलल्या त्या एका संध्याकाळी. जेवताना विनया पाणी प्यायली, ते घशात उतरायच्या ऐवजी नाकातून बाहेर आलं आणि तिला ठसका लागून श्वास कोंडला. हंसाबाईंनी पाठीत थापट्या मारल्या, पदराने तिचं नाक पुसलं, आणि सुनेचे घाबरलेले डोळे जवळून बघितले. असं सोंग कोणाला आणता येत नाही, हे त्या बाईला त्या क्षणी कळलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीचं काम आपल्या दिरावर सोपवून त्या विनयाला घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जाऊ लागल्या.

तिथेही दोनदा परत यावं लागलं. नंबर लागायचा सकाळी, आणि सकाळी विनया टवटवीत असायची. डोळे उघडे, बोलणं स्पष्ट. तरुण डॉक्टर तपासायचे, हातोडीने गुडघे ठोकायचे आणि काही नाही म्हणायचे. तिसऱ्या खेपेला मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवण्यात गुंतले होते. दोघी बाकावर बसून राहिल्या. दुपार कलली तेव्हा आत बोलावणं आलं, आणि तोवर विनयाची पापणी अर्धी खाली आली होती.

डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी तिला मान न हलवता छताकडे बघत राहायला सांगितलं. ती बघत राहिली, आणि पापण्या हळूहळू, पडदा सोडावा तशा, मिटत आल्या. मग त्यांनी मोठ्याने आकडे म्हणायला लावले. वीसपर्यंत आवाज ठीक होता, पुढे तो नाकात गेला, चाळीसच्या सुमारास कळेनासा झाला.

"सकाळी उठल्यावर ही कशी असते?" त्यांनी हंसाबाईंना विचारलं.

हंसाबाईंनी सांगितलं, की सकाळी पहिल्यासारखी असते. म्हणून तर कोणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि नर्सला एक इंजेक्शन आणायला सांगितलं. ते देऊन झाल्यावर त्यांनी दोघींना तिथेच बसवलं. विनयाला वाटलं, आणखी एक टॉनिक. ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसली. बघता बघता तक्त्यावरच्या दोन-दोन ओळी एकमेकींवर सरकल्या आणि एकेक झाल्या. डोळे पुरते उघडले. डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, तिने सांगितलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. दुपारच्या वेळी हा आवाज तिने दोन वर्षांत ऐकला नव्हता.

मग ती हसली. कशाला असं नाही, नुसतीच. हंसाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या जितूने हे बघायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावलं, की आजाराचं नाव मायस्थेनिया, लाखात थोड्यांना होणारा. मेंदूचा निरोप नसांमधून निघतो, स्नायूच्या दारापर्यंत येतो, पण स्नायूला तो नीट घेता येत नाही. पहिले काही निरोप पोचतात, मग दार थकतं. रोज गोळ्या घ्याव्या लागतील. छातीतली एक ग्रंथी तपासून कदाचित ऑपरेशन करावं लागेल. मनाचा आजार आहे का, असं विनयाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नाही. मन शाबूत आहे तुमचं. निरोप बरोबर निघत होता."

हे वाक्य ती घरी येईपर्यंत मनात घोळवत होती. इंजेक्शनचा असर मात्र परतीच्या वाटेवरच ओसरला. वसईत उतरेपर्यंत तिचा चेहरा पुन्हा खाली आला होता, आणि या खेपेला हसू जाताना तिला जाणवलं. इतके दिवस नव्हतं त्याची सवय झाली होती. आता मिळून गेलं होतं.

शुक्रवारी तिने रेजिनाला सांगून स्वतःच फोन लावला. गोळी घेऊन, आवाज सुटा झाल्यावर. जितेंद्रला तिने सगळं सांगितलं. 

"मला वाटलं, तुला मी नको आहे," तो म्हणाला. "तू बोलली का नाहीस?"

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली.

कंपनीने त्याला लगेच सोडलं नाही. सुट्टी मिळाली ती पुढच्या जानेवारीत. तोवर विनया गोळ्यांचं वेळापत्रक शिकली, कधी काम करायचं, कधी पडायचं ते शिकली. चेहरा उजळला, की ती आरशापुढे उभी राहून बघून घ्यायची, आणि तो मावळेपर्यंत तिला वाटत राहायचं, की हे कोणासाठी चाललंय?

विमान सकाळचं होतं. सहार विमानतळावर पोचल्यावर बरोबर वेळ साधून तिने गोळी घेतली. हंसाबाईंनी तिच्या केसांत घरचा सोनचाफा माळला. मग कळलं की विमान उशिरा आहे. दुपार झाली. तिने पुढची गोळी घेतली, पण पहाटेपासून उभ्या असलेल्या चेहऱ्याला ती पुरेना. गर्दीतून जितेंद्र ट्रॉली ढकलत बाहेर आला, तेव्हा तिची डावी पापणी मिटायला आली होती आणि ओठ जड झाले होते. इतके महिने जपून ठेवलेलं सगळं नेमकं त्याच्या समोर निसटत होतं. तोंड फिरवावं असं तिला वाटलं.

तो अगदी जवळ येऊन थांबला. आईच्या पायाही पडला नाही.

"मी हसतेय," विनया नाकातल्या आवाजात म्हणाली.

जितेंद्र तिच्याकडे बघत राहिला. लहान मूल अक्षर जुळवून शब्द वाचतं, तसं तो तिचा चेहरा वाचत होता. ते तिरपे ओठ, ती झुकलेली पापणी.

"कळलं," तो म्हणाला, आणि मग आईच्या पायाशी वाकला. वाकलेला असताना त्याने बाहीने डोळे पुसले, ते विनयाला दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी लवकर उठली. जितेंद्र प्रवासाने गाढ झोपला होता. खिडकीतून केळीच्या पानांवरचं ऊन आत आलं होतं. तिचा चेहरा ताजा होता, आणि तो दुपारपर्यंतच तसा राहणार हे तिला माहीत होतं. महिन्याची सुट्टी, फेब्रुवारीत ऑपरेशन, आणि ऑपरेशन होताच त्याला परत जायचं होतं. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. त्याला उठवावं की झोपू द्यावं, हे तिला ठरवता येईना. बाहेर हंसाबाई कोणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या, की मुलगा दमलाय, गडबड करू नका.

विनयाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, उठा," ती म्हणाली. "नंतर झोपा."