पुलाआधीचं वळण

तिचं काम दात बनवायचं. हे कळलं की लोक आधी हसत आणि मग पटकन तोंड मिटून घेत, कारण आता हिची नजर कुठे जाणार हे त्यांच्या लक्षात येई. डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यांवर ती मेणाचे दात कोरायची, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी एकदा का तिची तंद्री लागली की शेजारी कोणी भांडं आपटलं तरी तिला पत्ता नसे. कामावर या तंद्रीचं कौतुक होतं. घरी तिच्यापायी दूध उतू जायचं. ज्या गटाबरोबर ती पळायला जायची, तिथे सगळे तिला कवळीताई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

घरात माणसं दोनच, ती आणि सासरे. नवरा लांबच्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा उगवायचा. सासऱ्यांच्या तोंडातली कवळी तिनेच बनवलेली. "तुझ्यावर दात-ओठ खायचे म्हटले तरी दात तुझेच," असं ते म्हणायचे. माणूस मिश्कील, पण एका बाबतीत त्यांच्याशी चेष्टा चालत नसे. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सासूबाई दोऱ्याचं रीळ आणायला म्हणून निघाल्या. "आलेच हं," म्हणाल्या, आणि दुकानाच्या पायरीवरच गेल्या. सासरे फाटकाशी उभे होते. चहा निवला, दिवे लागले, तरी उभेच. तेव्हापासून त्या घरात "आलेच" हा शब्द बंद. किती वाजता येणार ते सांगायचं, आणि त्या वेळेला दारात हजर व्हायचं.

अशा घरातल्या सुनेला चाळिशी उलटल्यावर मॅरेथॉनचं खूळ लागलं.

"बेचाळीस किलोमीटर?" सासरे म्हणाले. "आणि तोवर मी काय करायचं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रोज सकाळी ती पळून येईपर्यंत ते फाटकाशीच असत, हे तिला ठाऊक होतं. बरेच दिवस घुम्यासारखे काढल्यावर दोघांनी मिळून एक तोड काढली. मोठ्या मॅरेथॉनच्या आधी शहरात आणखी एक शर्यत होती, पूर्ण आणि अर्धी अशी दोन्ही. सराव म्हणून तिने त्यातली अर्धी पळायची. ते स्वतः अर्धीच्या शेवटच्या रेषेपाशी थांबणार; पूर्णची रेषा दुसरीकडे होती. सांगितल्या वेळेला ती आली, तर पुढच्या मॅरेथॉनबद्दल ते अवाक्षर काढणार नाहीत. नाही आली, तर विषय संपला.

"साडेआठ," ती म्हणाली.

"साडेआठ," ते म्हणाले. तिची पिशवी खांद्याला अडकवली, त्यात तिचा स्वेटर आणि आवाज बंद केलेला फोन, आणि अजून उजाडायचं होतं तरी रेषेपाशी जाऊन उभे राहिले.

गटातल्या सगळ्यात जुन्या पळणाऱ्याला सगळे मामा म्हणत. ते स्वतः त्या दिवशी पूर्ण पळणार होते, म्हणून त्यांची शर्यत आधीच सुटली होती. "ही तुझी शर्यत नाही, सराव आहे," असं त्यांनी तिला बजावलं होतं. "शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळ. धाप लागली की समज, चुकतंय." तिने ते मनावर घेतलं. हळूहळू सगळे पुढे निघून गेले आणि गप्पा मारायला शेजारी कोणी उरलंच नाही.

नदीवर धुकं होतं. ते रस्त्यावर चढत आलं आणि समोरची झाडं एकेक करून पुसली गेली. पुढच्यांच्या पावलांचा आवाज तेवढा येत राहिला, लांब कुणी गाद्या झटकाव्यात तसा. एका खिडकीत दिवा होता आणि एक बाई डोळे मिटून केस विंचरत होती. एका न्हाव्याने दुकानाचं शटर अर्धं उचललं होतं, त्याचे नुसते पाय दिसत होते. मग घरंही संपली. टेबलावर एक पुढचा दात अपुरा राहिला होता, तो ती मनातल्या मनात कोरायला बसली. इथे जरासा उतार, इथे काठ पातळ. पाय कुठेतरी खाली आपलं आपलं काम करत होते. आपण पळतोय की रस्ता मागे सरकतोय, हे तिला कळेना, आणि कळावंसं वाटेना. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

पुलाच्या तोंडाशी केशरी जाकीट घातलेला एक माणूस घसा फोडून ओरडत होता, "अर्धेवाले उजवीकडे! अर्धेवाले उजवीकडे!" तिने ऐकलं. झोपेत असताना कोणी पंखा बंद कर म्हणावं, तितपतच ऐकलं. आणि सरळ पुलावर गेली.

"अहो ताई, हिरवा नंबर इकडे कुठे?"

केळी वाटणाऱ्या एका बाईने तिचा दंडच धरला. अर्धेवाल्यांच्या छातीवर हिरवे नंबर होते, पूर्णवाल्यांच्या लाल. "तुमचं वळण पुलाच्या आधीच होतं की! तीन किलोमीटर मागे राहिलं."

ती भानावर आली. आजूबाजूला सगळे लाल नंबर. त्यांतच केळं खात मामा उभे.

"अगं कवळे, तू?" त्यांना हसू आवरेना. "पाय कसे आहेत?"

"पाय आहेत असंच वाटत नाहीये, मामा. वाजले किती?"

"पावणेआठ होतायत. मग परततेस कशाला? असा दिवस रोज येत नाही. चल, आजच पूर्ण करून टाकू."

तिने हिशोब केला. आता कितीही जीव तोडून पळालं तरी साडेआठ गाठणं शक्य नव्हतं. शब्द मोडलाच होता. परत गेलं तरी मॅरेथॉन हातची जाणार. मग आजच का पदरात पाडून घेऊ नये? पुन्हा मिळणार नव्हती. ती मामांबरोबर निघाली. खोटं कशाला बोला, चांगली वीसेक पावलं गेली. रस्ता पुढे पुन्हा धुक्यात शिरत होता आणि तिचा जीव त्याच्याकडे ओढ घेत होता.

दुपारपर्यंत सासरे रेषेपासून हलणार नाहीत. हे तिच्या मनात आलं आणि पावलं मंदावली. नऊ वाजतील, दहा वाजतील, सगळी माणसं घरी जातील, आणि ते तिथेच रस्त्याकडे बघत उभे राहतील. एकदा उभे राहिले होते तसे.

"मामा, तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली आणि वळली.

परतीचा रस्ता काही सरेना. समोरून लाल नंबर येत होते आणि हातवारे करून तिला सांगत होते, ताई, उलट्या चाललात. धुकं विरलं होतं. आता पाय होते, गुडघेही होते आणि एकेक पाऊल मोजून घेत होते. गप्पांचा वेग केव्हाच मागे पडला. गुडघा धरला असं सांगू, ती ठरवत होती. वाटेत पडले, उठून पुन्हा पळावं लागलं, असं सांगू.

अर्धीच्या रेषेपाशी कापडी कमान तेवढी उरली होती. लाऊडस्पीकरवाला तिला पाहताच म्हणाला, "आल्या का! चार वेळा पुकारायला लावलं हो आजोबांनी." सासरे कठड्याला धरून उभे होते. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा पांढराफटक. ती अगदी समोर येईपर्यंत त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही.

"कुठे होतीस?"

"वळण चुकलं, बाबा." गुडघ्याचं तोंडातच राहिलं. "तंद्री लागली. पूल ओलांडून गेले. परत येऊच नये, असंही वाटलं थोडा वेळ." ती रडायला लागली. "नाही पळत मी मॅरेथॉन. संपलं."

त्यांनी कठडा सोडला. पिशवीतून स्वेटर काढला, तिच्या खांद्यावर टाकला.

"घाबरली होतीस का? त्या तंद्रीत?"

"नाही."

"मग?"

"छान होतं, बाबा. खूप छान. काही दुखत नव्हतं. कोणाची आठवणही नव्हती."

"माझीसुद्धा?"

"तुमचीसुद्धा."

त्यांनी मान हलवली. पुन्हा रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, पण आता कोणाची वाट बघत असल्यासारखं नाही.

"ती गेली तेव्हा मला शोधत असेल, असं वाटायचं मला," ते म्हणाले. "भेदरून इकडेतिकडे बघत असेल. इतकी वर्षं हेच डोळ्यांसमोर यायचं." मग हळूच, "तिलाही असंच वाटलं असेल का गं? छान?"

"माहीत नाही, बाबा."

"नसेल माहीत. पण वाटलं असेलही."

तिने त्यांचा हात धरला. बोटं थंडगार पडली होती. लाऊडस्पीकरवाला वायरी गुंडाळायला लागला होता.

"पूर्ण पळायला किती वेळ लागेल तुला?" त्यांनी विचारलं.

"पाच तास. जास्तही."

"पाच तास," ते म्हणाले. मग खाली आपल्या पायांकडे बघून, "मग मला खुर्ची लागेल."